‘ओल्ड स्टॉक’ म्हणून मिळणारा आरएक्स १०० चा सुटा भाग खरंच कोरा आहे का, हे कसं ओळखावं

पणजी, मडगाव किंवा म्हापशात आरएक्स १०० सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी हे वाक्य पडतंच: ‘जुना माल आहे, ओरिजिनल, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.’ यामाहाची ही टू-स्ट्रोक मोटरसायकल भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर बंद झाली. त्या काळातला ब्लॉक (ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर) किंवा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा शाफ्ट) एखाद्या दुकानाच्या माळ्यावर राहून गेला असेल, तर आज त्याला तीसेक वर्षं झाली. असे भाग अजूनही निघतात. पण धुऊन, घासून, ग्रीस चोपडून जुन्या पाकिटात भरलेले भागही त्याच भावाने निघतात.

विकणारा तीन गोष्टी पुढे करतो: पाकीट, चकाकी आणि ग्रीस. तिन्ही एका दुपारात तयार करता येतात. म्हणून त्या बघायच्या, पण निर्णय त्यावर घ्यायचा नाही. हात, ब्रश आणि पॉलिश पेपर जिथे पोचत नाही, तिथे भाग खरं सांगतो.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून ठेवा. ‘वापरलेला नाही’ आणि ‘वापरण्याजोगा आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कोरड्या हवेच्या गावात दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. गोव्यात तसं होत नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत एकदाही न फिरलेला क्रँक बेअरिंगमधून कुजलेला असू शकतो.

तीन अवस्था

भाग कोरा असतो किंवा वापरलेला, इतकं ते सरळ नसतं. मधली एक अवस्था आहे: बसवून काढलेला. मेकॅनिकने ब्लॉक चढवला, माप जुळलं नाही किंवा गिऱ्हाईक फिरलं, आणि इंजिन सुरू न करताच तो उतरवला. असा भाग वाईट नसतो, पण त्याला कोऱ्याचा भाव देऊ नये. बसवून काढलेल्या भागावर नटांच्या, वॉशरच्या आणि पॅकिंगच्या खुणा असतात, जळल्याच्या नसतात. चाललेल्या भागावर दोन्ही असतात. पुढच्या प्रत्येक तपासणीत हा फरक करत राहायचं.

सोबत काय न्यावं

चांगली टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, कानकोरणीचा कापूस, बाटलीभर पेट्रोल, पांढरं फडकं, लोहचुंबक, फिलर गेज, व्हर्नियर. स्टँडर्ड पिस्टन मोजायला २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर लागतो, त्याहून मोठ्या मापाच्या पिस्टनला ५० ते ७५ चा. घरात असतो तो ० ते २५ चा इथे कामाचा नाही. बोअर गेज, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या गोल भोकाचा (बोअरचा) व्यास मोजायचं साधन, बहुतेकांकडे नसतो. त्यावाचून काम कसं भागवायचं ते ब्लॉकच्या भागात सांगितलं आहे. तपासणी दिवसा, दारात उजेडाला उभं राहून करा. ट्यूबलाईटखाली घासलेली आणि मूळ मशीन केलेली धातू सारखीच दिसते.

पाकिटावर पाच मिनिटं, जास्त नाही

लेबलावरचा नंबर वाचा. यामाहाच्या नंबरात पहिली तीन अक्षरं मॉडेलची, मधले पाच आकडे भागाचे. ११३११ म्हणजे सिलिंडर ब्लॉक, १११११ म्हणजे हेड, ११६३१ म्हणजे स्टँडर्ड मापाचा पिस्टन, ११६३५ म्हणजे पाव मिमी मोठा पिस्टन, ११४०० म्हणजे पूर्ण क्रँक. पाकिटावर ११६३१ आणि आतल्या पिस्टनच्या माथ्यावर २५ किंवा ५० कोरलेलं असेल, तर तो पिस्टन त्या पाकिटातला नव्हे. बाकी काही बघण्याआधीच एवढं कळतं.

मग काळ जुळतो का ते पाहा. रुपयाचं नवं चिन्ह जुलै २०१० मध्ये आलं. ते छापलेलं पाकीट ‘नव्वद सालचं’ असू शकत नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळालं, तेव्हा ई-मेलचा पत्ता असलेलं पाकीट त्याआधीचं नाही. जीएसटी क्रमांक असेल तर छपाई जुलै २०१७ नंतरची. गाडी बंद झाल्यावरही सुटे भाग येत राहिले, त्यामुळे नव्या छपाईचं पाकीट म्हणजे फसवणूक असं नाही. फसवणूक असते ती विकणाऱ्याने सांगितलेलं साल आणि कागद यांचा मेळ बसत नाही तेव्हा.

स्टेपलच्या पिना नक्की बघा. गोव्यात वीस वर्षं पडलेल्या पाकिटाची पिन गंजून कागदावर तांबूस डाग पाडते. जुनाट, कसर लागलेला कागद आणि त्यावर चकचकीत पिन, किंवा पिनेच्या भोकांच्या दोन जोड्या, म्हणजे पाकीट उघडलेलं आहे. उघडलं म्हणजे भाग वापरलाच असं नव्हे. दुकानदारही माप बघायला उघडतो.

पिस्टन: पालथा करा

सगळे वरचा माथा बघतात, म्हणून विकणारा माथाच घासतो. पिस्टन पालथा करा आणि टॉर्च आत मारा. इंजिन चालू असताना माथा तापतो आणि त्याच्या खालच्या बाजूला उडालेलं ऑईल भाजून बसतं. आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळं. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत ब्रश नीट जात नाही. कापूस पेट्रोलमध्ये बुडवून तिथल्या कोपऱ्यात फिरवा. कोऱ्या पिस्टनमध्ये कापसावर धूळ आणि जुन्या तेलाचा पिवळसर पट्टा येतो, आणि खालची ओतीव धातू फिकट रुपेरी, बारीक खरखरीत दिसते. तपकिरी रंग पेट्रोलने निघतच नसेल, तर तो भाजलेल्या ऑईलचा आहे.

काही जण कॉस्टिक सोड्यात बुडवून कार्बन काढतात. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाही खातो. असा पिस्टन सगळीकडून एकसारखा मंद करडा किंवा काळपट दिसतो, कडा गुळगुळीत होतात आणि बोटाला काळं लागतं. वाळू किंवा काचेच्या मण्यांनी ब्लास्ट केलेला पिस्टन उलट सगळीकडे एकसारखा पांढुरका असतो. कारखान्यातून आलेल्या पिस्टनवर ओतीव भाग आणि लेथवर फिरवलेला भाग वेगळे दिसलेच पाहिजेत. ब्लास्ट केलेला पिस्टन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका: रिंगच्या खाचेत अडकलेला एखादा कण सुटला की बोअरला उभी रेघ पाडतो.

आता स्कर्ट, म्हणजे पिस्टनची रिंगखालची भिंत. लेथच्या हत्याराच्या बारीक आडव्या रेषा त्यावर गोल सगळीकडून असतात. नखाने उभं खरवडलं तर बारीक किरकिर जाणवते. पिस्टन चालला की इनटेक आणि एक्झॉस्टच्या बाजूला या रेषा आधी चपट्या होतात आणि तिथे लंबगोल चकचकीत ठसा उमटतो. पिनच्या बाजूला रेषा तशाच राहतात. पुढेमागे ठसा आणि बाजूला रेषा ही जोडी दिसली की तो चाललेला, मग विकणारा काही म्हणो. पॉलिश पेपरने ठसा झाकायला गेलं तर तिरप्या ओरखड्यांत मूळ रेषा हरवतात, आणि भिंगाखाली ते लपत नाही.

रिंगच्या खाचेत, टू-स्ट्रोकमध्ये रिंग फिरू नये म्हणून छोटी पिन ठोकलेली असते. कोऱ्या पिस्टनमध्ये ती पिन आणि तिच्याभोवतालची धातू दोन्ही मंद दिसतात. रिंगची टोकं आपटून तिच्या दोन्ही बाजू चमकलेल्या असतील तर इंजिन बरंच चाललंय. खाचेचा तळ टाचणीने खरवडून पांढऱ्या फडक्यावर झटका. काळे कण पडले तर चौकशीची गरज उरली नाही.

मापाची तपासणी शेवटी. स्कर्टच्या खालच्या कडेपासून १० मिमी वर, पिनला काटकोनात मोजा. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी. स्टँडर्ड पिस्टन त्याहून काही शतांश मिमी लहान असतो, ५०.०० च्या वर कधीच नाही. पुढची मापं पाव-पाव मिमीने वाढत जातात: ५०.२५, ५०.५०, ५०.७५, ५१.००. माप यांच्या अधेमधेच कुठे लोंबकळत असेल तर स्कर्ट झिजला आहे किंवा घासला आहे. ५८ मिमीच्या आसपास माप आलं तर तो आरएक्स १३५ चा पिस्टन.

ब्लॉक

आधी चुंबक. बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या फिनांना तो चिकटत नाही, आतल्या बिडाच्या स्लीव्हला (नळीला) चिकटतो. मग ब्लॉक उलटा करून वरची आणि खालची सपाट तोंडं बघा. पॅकिंग एकदा दाबलं गेलं की त्याच्या कडेची हलकी रेघ ॲल्युमिनियमवर उरते. पॅकिंग खरवडून काढलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हरचे लहान सरळ चरे दिसतात. तोंड पॉलिश पेपरवर घासलं असेल तर मशीनच्या समांतर खुणांऐवजी आठच्या आकड्यासारखे किंवा गोल ओरखडे असतात.

एक्झॉस्टचं पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायची खिडकी, ही ब्लॉकमधली सगळ्यात बोलकी जागा. आरसा आत धरून पोर्टच्या छताकडे बघा. कार्बन तिथे आधी साठतो आणि वळणामागचा पूर्ण निघत नाही. तो निघावा म्हणून ग्राईंडर चालवलेला असेल तर ओतीव खरखरीत पृष्ठभाग जाऊन नुसती चमक असते. तीही तेवढीच पक्की खूण. सायलेन्सर जिथे बसतो तिथले आटे पाहा: उष्णतेने भाजलेले आटे तपकिरी होतात, कोऱ्याचे रुपेरी राहतात, आणि रंग मारताना त्यांत थोडा काळा रंग गेलेला दिसतो.

बोअरच्या आत तिरप्या एकमेकींना छेदणाऱ्या होनिंगच्या रेषा बघून लोक समाधान मानतात. एवढ्यावर समाधान मानू नका, कारण लेथवाल्याकडे दहा मिनिटांत होनिंग मारून मिळतं. त्या रेषा कुठून कुठे जातात ते बघायचं. चाललेल्या बोअरमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूच्या रेषा आधी पुसल्या जातात, आणि सगळ्यात वर, जिथे रिंग पोचत नाही, तिथे काही मिमीचा पट्टा वेगळा राहतो. वरून खाली नख सरकवा. पट्ट्याच्या कडेला नख अडलं तर झीज आहे. आता पोर्टच्या कडा. कारखान्यात त्या किंचित तिरप्या मारलेल्या असतात, रिंग अडकू नये म्हणून. रीबोअर केला, म्हणजे बोअर कापून मोठा केला, की हा तिरपेपणा कमी होतो किंवा जातोच. कडेला बोट लावलं आणि ब्लेडसारखं वाटलं, तर बोअर मोठा केला आहे आणि कडा मारायचं काम कोणी केलेलं नाही. तो तसाच बसवला तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते.

बोअर गेज नसेल तर स्टँडर्ड मापाची एक नवी रिंग आणि फिलर गेज घ्या. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला, आधी वरून २० मिमीवर, मग सगळी पोर्टं ओलांडून खाली. दोन्ही ठिकाणी टोकांमधली फट मोजा. बोअर ०.१० मिमीने मोठा झाला की फट ०.३१ मिमीने वाढते, कारण परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो. दोन फटींतला फरक ३.१४ ने भागला की बोअरचा निमुळतेपणा कळतो. कोऱ्या बोअरमध्ये तो जवळजवळ शून्य येतो, ०.०५ मिमीपर्यंत गेला तर तो चालून झिजलेला बोअर.

माप बरोबर ५०.०० आलं तरी एक शक्यता उरते: स्लीव्ह बदललेली. पोर्टमध्ये टॉर्च मारा आणि स्लीव्हची खिडकी बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या खिडकीशी जुळते का ते पाहा. एखाद्या कोपऱ्यात पायरी, ताज्या फाईलच्या खुणा, किंवा वरच्या तोंडावर बीड आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये दिसणारी ताजी फट, म्हणजे नवी स्लीव्ह जुन्या अंगात घातली आहे.

क्रँक: इथे घाई महाग पडते

फिरवून बघायचा मोह आवरा. आधी बिग-एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, बेअरिंगमध्ये पेट्रोल सोडा, निथळू द्या, पातळ ऑईलचे दोन थेंब टाका आणि मगच फिरवा. कोरड्या, धुळीच्या बेअरिंगला फिरवलं तर चांगल्या क्रँकला तुम्हीच चरे पाडाल.

मॅग्नेटच्या बाजूचा निमुळता शाफ्ट भिंगाखाली धरा. कोऱ्यावर ग्राईंडिंगच्या बारीक, अखंड गोल रेषा असतात. मॅग्नेट एकदा आवळला की त्यावर चमकदार डाग पडतात. इंजिन चाललं असेल तर त्या डागांत तांबूस ठिपकेही दिसतात, कारण सूक्ष्म हालचालीने घासलेली धातू गंजते. चावीच्या खाचेच्या कडा धारदार आहेत की दबलेल्या, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर नटाची चमक आहे का, हे बघा. या खुणा फक्त बसवण्यानेही येतात. चालल्याची खूण म्हणजे ऑईल सीलचा पट्टा: शाफ्टला गोल वेढणारी केसाएवढी चकचकीत रेघ. ओठ घासल्याशिवाय ती पडत नाही.

कनेक्टिंग रॉड सरळ वर धरून शाफ्टच्या दिशेकडे दाबा-ओढा. वर-खाली अजिबात खेळ जाणवू नये. डावी-उजवीकडे रॉड सरकतो आणि वरचं टोक थोडं डोलतं, ते तसंच हवं. वरच्या टोकाचं डोलणं साधारण १ मिमीच्या आत असतं. २ मिमीच्या पुढे गेलं तर बेअरिंग संपलं. रॉडच्या खालच्या फटीतून रोलर दिसतात. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे ऑईलविना तापलेलं बेअरिंग.

रॉड किट बदलून पुन्हा दाबलेला क्रँक कोरा म्हणून विकला जातो, त्यासाठी रॉडच्या दोन्ही बाजूंच्या जाड चकत्यांची बाहेरची धार पाहा. सरळ करताना तांब्या-पितळेच्या हातोड्याचे घाव तिथे बसतात. कारखान्यातही क्रँक सरळ केला जातो, तेव्हा एखादी हलकी खूण चालते, अनेक नाही. पिनच्या टोकाभोवती दाबण्याच्या ताज्या गोल खुणा, पंचचे ठोके किंवा वेल्डिंगचा टिपका दिसला तर निकाल लागला. दोन्ही चकत्यांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. आकडे जुळले पाहिजेत. शक्य असेल तर पैसे देण्याआधी लेथवाल्याकडे डायल गेजवर फिरवून घ्या. शाफ्टचा वाकडेपणा ०.०३ मिमीच्या आत हवा.

गंज कसा वाचायचा

गंजामुळे इकडे दोन्ही बाजूंनी चूक होते. गंज बघून लोक ‘वापरलेला’ ठरवतात आणि चकाकी बघून ‘कोरा’. गंज कुठे आहे ते बघा. कोऱ्या भागावर तो हवा जिथे पोचली तिथे पसरतो: कागदाच्या घडीच्या रेषेत, पाकिटाच्या फाटक्या कोपऱ्याकडे, किंवा मे महिन्यातल्या घामट बोटांच्या ठशांच्या आकारात. चालणारा आणि न चालणारा भाग तो ओळखत नाही. चाललेल्या भागावरचा गंज झिजेच्या मागे जातो: रिंग जिथे थांबते तिथे त्याचीही रेघ थांबते, कार्बनखालची जागा वाचलेली असते.

तेलाचंही तसंच. वर्षानुवर्षं पडलेलं मूळ तेल सुकून मधासारखं पिवळं, मेणचट होतं आणि त्यात धूळ एकसारखी रुतलेली असते. मऊ, वासाचं, चकचकीत ग्रीस म्हणजे कोणीतरी अलीकडे चोपडलं आहे. त्याखाली काय आहे ते फडक्याने पुसूनच ठरवायचं, आणि पुसू देत नसेल तर घ्यायचं नाही.

बोअरमधला वरवरचा तांबूस थर ऑईल आणि फडक्याने जातो. पुसल्यावर काळे खड्डे उरले आणि नखाला लागले, तर पहिल्या मापाला रीबोअर करावा लागणार. भाव त्या हिशेबाने पाडा. क्रँकच्या बेअरिंगमध्ये खड्डे असतील तर मात्र भाव पाडूनही उपयोग नाही. रोलरच्या वाटेतला एक खड्डाही थोड्या दिवसांत बिग-एंड वाजवतो. ॲल्युमिनियमवरची पांढरी भुकटी ही खाऱ्या हवेची. फिनांवर असली तर फारसं बिघडत नाही, पॅकिंगच्या तोंडावर असली तर कॉम्प्रेशन गळतं.

हेड, रीड, सील

हेडमध्ये प्लग जिथे टेकतो ते वर्तुळ बघा. प्लग एकदा आवळला की वॉशरचा ठसा राहतो, आणि नटांखालचा रंगही दबतो. रीडच्या, म्हणजे इनटेकमधल्या झडपेच्या, पात्या उजेडाकडे धरा: त्या तळाला सगळीकडून टेकल्या पाहिजेत, टोकाला फूट नको. ऑईल सील कोरे असोत नसोत, जुने वापरूच नका. तीस वर्षांत रबर आपोआप कडक होतं, आणि मॅग्नेटच्या बाजूचं सील हवा ओढू लागलं की मिश्रण पातळ होऊन चांगला पिस्टन जॅम होतो.

लांबून मागवत असाल तर

कोल्हापूर-बेळगावहून किंवा त्याही पलीकडून कुरियरने माल येणार असेल, तर फोटो तुमच्या यादीप्रमाणे मागा: पिस्टन पालथा करून आतून, स्कर्ट एक्झॉस्टच्या बाजूने, एक्झॉस्ट पोर्ट आतून टॉर्च लावून, ब्लॉकची दोन्ही तोंडं, क्रँकचा मॅग्नेटकडचा शाफ्ट जवळून, चकत्यांच्या धारा. फोटोत त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. क्रँकचा व्हिडिओ हवा, त्यात रॉड वर-खाली ओढून दाखवलेला असावा. ‘कोरा, न वापरलेला, चालला नाही तर परत’ हे शब्द लेखी घ्या, आणि पार्सल व्हिडिओ चालू ठेवूनच उघडा.

भाग घेतला आणि लगेच बसवणार नसाल, तर पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा, हातमोजे घालून टू-स्ट्रोक ऑईलचा थर द्या, गंजरोधक कागदात गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. मोजलेली मापं चिठ्ठीवर लिहून तीही आत टाका. जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा डबा उघडून पुड्या बदला, आणि तेव्हा क्रँक अर्धा फेरा फिरवून ठेवा, म्हणजे रोलर एकाच जागी टेकून राहत नाहीत.